पस्तिशी-चाळिशीत रिटायर होणाऱ्या फौजीचं पैशाचं गणित: पेन्शन, कम्युटेशन, विमा आणि वसईतलं घर

बँकेतला किंवा सरकारी ऑफिसातला माणूस ५८ किंवा ६० व्या वर्षी रिटायर होतो. तोवर मुलं कमावती झालेली असतात आणि घराचं लोन संपत आलेलं असतं. फौजेत मात्र हिशेब वेगळा आहे. शिपाई साधारण १७ ते १९ वर्षं नोकरी करून घरी येतो, हवालदार २४ ते २६ वर्षं. म्हणजे १९ व्या वर्षी भरती झालेला शिपाई ३६ ते ३८ व्या वर्षी 'माजी सैनिक' होतो. तेव्हा मुलं शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात आणि पुढचं निम्मं आयुष्य बाकी असतं.

अशा वेळी एकदम मोठी रक्कम हातात येते आणि दोन-तीन निर्णय घ्यावे लागतात. त्यातले काही नंतर बदलता येत नाहीत. शिवाय ज्या कागदांवर कुटुंबाचा हक्क उभा असतो, ते कागद बऱ्याचदा बायकोने पाहिलेलेही नसतात. वसई-विरार पट्ट्यातल्या सैनिक कुटुंबांना डोळ्यासमोर ठेवून हा सगळा विषय सोप्या भाषेत समजून घेऊया.

रिटायर होताना हातात नक्की काय येतं?

पाच गोष्टी येतात. पहिली, दरमहा पेन्शन. दुसरी, ग्रॅच्युइटी. तिसरी, पेन्शनचा काही भाग आधीच उचलला तर त्याची एकरकमी रक्कम, म्हणजे कम्युटेशन. चौथी, शिल्लक रजेचे पैसे, जास्तीत जास्त ३०० दिवसांचे. पाचवी, पगारातून कापून जमा झालेला भविष्य निर्वाह निधी. जवानांसाठी तो एएफपीपी फंड असतो, अधिकाऱ्यांसाठी डीएसओपी फंड. याशिवाय आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्सच्या आपापल्या ग्रुप इन्शुरन्सचा रिटायरमेंटचा लाभ मिळतो.

१ जानेवारी २००४ नंतर लागलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना नवी पेन्शन योजना, म्हणजे एनपीएस लागू झाली. सैन्यदलं मात्र तिच्यातून वगळलेली आहेत. नियमित भरतीच्या जवानाची पेन्शन आजही शेवटच्या पगारावर ठरते, शेअर बाजारावर नाही.

पेन्शन किती बसते?

जवानाला पेन्शनसाठी किमान १५ वर्षांची आणि अधिकाऱ्याला किमान २० वर्षांची नोकरी लागते. शेवटच्या पगाराच्या ५० टक्के पेन्शन बसते. इथे 'पगार' म्हणजे मूळ वेतन आणि त्यात मिलिटरी सर्व्हिस पे. सातव्या वेतन आयोगानुसार जवान आणि जेसीओंसाठी तो महिना ५,२०० रुपये आहे आणि ब्रिगेडियरपर्यंतच्या अधिकाऱ्यांसाठी १५,५०० रुपये. पेन्शनवर महागाई भत्ता वेगळा मिळतो. किमान पेन्शन महिना ९,००० रुपये आहे.

एक उदाहरण धरूया. नालासोपाऱ्याचा एक हवालदार २४ वर्षांच्या नोकरीनंतर रिटायर होतोय. त्याचा पेन्शनसाठी धरायचा पगार ६०,००० रुपये आहे असं समजू. हे आकडे फक्त हिशेब समजण्यासाठी आहेत. त्याची पेन्शन ३०,००० रुपये अधिक महागाई भत्ता.

ग्रॅच्युइटीचा नियम असा: नोकरीच्या प्रत्येक पूर्ण सहा महिन्यांसाठी पाव महिन्याचा पगार, आणि इथे महागाई भत्ताही धरतात. २४ वर्षांचे ४८ सहामाही टप्पे, म्हणजे १२ महिन्यांचा पगार. भत्ता ५० टक्के धरला तर महिन्याचे ९०,००० होतात आणि ग्रॅच्युइटी १० लाख ८० हजार रुपये. ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून २५ लाख आहे.

वन रँक वन पेन्शनमुळे काय होतं?

आधी रिटायर झालेल्या आणि आता रिटायर होणाऱ्या, एकाच हुद्द्याच्या आणि तेवढीच नोकरी केलेल्या दोघांना सारखी पेन्शन मिळावी, ही ओआरओपीची कल्पना. त्याचा आदेश ७ नोव्हेंबर २०१५ ला निघाला आणि तो १ जुलै २०१४ पासून लागू झाला. दर ५ वर्षांनी पेन्शनची फेररचना होते. त्यानुसार १ जुलै २०१९ आणि १ जुलै २०२४ अशा दोन फेररचना झाल्या. घरात जुने पेन्शनर किंवा फॅमिली पेन्शन घेणारी आजी असेल, तर या दोन तारखांनंतर रक्कम बदलली का, हे एकदा तपासा.

पेन्शन 'विकावी' का?

गावाकडे याला सरळ 'पेन्शन विकणं' म्हणतात. शब्द कडक असला तरी अर्थ बरोबर पोचतो. जवानाला पेन्शनचा जास्तीत जास्त ५० टक्के भाग आगाऊ उचलता येतो. साध्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी ही मर्यादा ४० टक्के आहे. १५ वर्षांनी पूर्ण पेन्शन पुन्हा सुरू होते. रिटायर झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तर मेडिकल लागत नाही.

आता आपल्या हवालदाराचा हिशेब. ३०,००० पैकी १५,००० रुपये तो कम्युट करतो. वयानुसार एक गुणक ठरलेला असतो, चाळिशीच्या आसपास तो ९ पेक्षा किंचित जास्त आहे. सोयीसाठी ९ धरू. १५,००० गुणिले १२ गुणिले ९, म्हणजे १६ लाख २० हजार रुपये आज हातात. त्या बदल्यात १५ वर्षं दरमहा १५,००० रुपये कमी. म्हणजे एकूण २७ लाख रुपये सोडले.

'१६ घेतले, २७ सोडले, म्हणजे तोटा' असं ऐकायला मिळतं. पण एवढ्यावर निर्णय घेऊ नका, कारण आजचा रुपया आणि १५ वर्षांनंतरचा रुपया सारखा नसतो. व्याजाच्या भाषेत मांडलं, तर हे पैसे साधारण साडेसात टक्के दराच्या कर्जासारखे पडतात. त्यात तीन गोष्टी फायद्याच्या आहेत:

- कम्युटेशनच्या रकमेवर आयकर नाही. उलट दरमहाची पेन्शन पगारासारखी करपात्र असते.
- महागाई भत्ता कापलेल्या नव्हे, मूळ पूर्ण पेन्शनवर मिळत राहतो. आपल्या हवालदाराला तो ३०,००० वरच मिळेल.
- १५ वर्षांच्या आत पेन्शनरचा मृत्यू झाला तर उरलेली रक्कम कुटुंबाकडून वसूल होत नाही. फॅमिली पेन्शनही त्यामुळे कमी होत नाही.

म्हणून खरा प्रश्न आहे की ते पैसे कुठे जाणार. साडेआठ-नऊ टक्क्यांचं होम लोन फेडायचं असेल तर कम्युटेशन फायद्याचं ठरतं. पैसे बचत खात्यात पडून राहणार असतील, नातेवाईकाला उसने द्यायचे असतील किंवा 'महिना पाच टक्के' देणाऱ्या एखाद्या स्कीममध्ये जाणार असतील, तर ती पेन्शन महिन्याच्या महिन्याला येऊ दिलेली बरी.

एकरकमी पैशातून वसई-विरारमध्ये घर घेताय?

मुंबईत घर परवडत नाही, म्हणून नोकरदार माणूस वसई, नालासोपारा, विरारकडे वळतो. फौजीसुद्धा त्याच बजेटमध्ये घर शोधतो. त्यात तो वर्षानुवर्षं बाहेर राहिलेला असतो, त्यामुळे कुठली बिल्डिंग कशी आहे हे त्याला गल्लीतल्या माणसाइतकं ठाऊक नसतं.

इथे धोका काय आहे, ते नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत सगळ्यांनी पाहिलं. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडण्यात आल्या. ही कारवाई २०२४ च्या अखेरीस सुरू झाली आणि २०२५ च्या सुरुवातीला संपली. तिथल्या कुटुंबांनी पैसे मोजून घरं घेतली होती. अनेकांची आयुष्याची कमाई त्यात गेली.

त्यामुळे टोकन देण्याआधी चार गोष्टी बघा. प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक खरा आहे का, हे महारेराच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघा. महापालिकेचं बांधकाम परवानगीपत्र आणि तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा. जमिनीचा सातबारा आणि विकास आराखड्यातलं आरक्षण तपासा. आणि एखादी मोठी बँक त्या इमारतीवर लोन देते का, हे विचारा. तुम्हाला लोनची गरज नसली तरी विचारा. बँकेने नाही म्हटलं, तर कारण समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सैनिकांसाठी घरं बांधणाऱ्या सरकारमान्य संस्थाही आहेत. आर्मीसाठी आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन, तर नेव्ही आणि एअर फोर्ससाठी एअर फोर्स नेव्हल हाउसिंग बोर्ड. यासाठी नोकरीत असतानाच नोंदणीची चौकशी करावी.

जवानाला काही झालं तर घरच्यांना काय मिळतं?

फॅमिली पेन्शन तीन प्रकारची असते आणि मृत्यू कशामुळे झाला यावर प्रकार ठरतो. ६०,००० पगाराचंच उदाहरण पुढे नेऊ.

- साधी फॅमिली पेन्शन: नोकरीत असताना सेवेशी संबंध नसलेल्या कारणाने मृत्यू झाला तर पहिली १० वर्षं ५० टक्के, म्हणजे ३०,००० रुपये. त्यानंतर ३० टक्के, म्हणजे १८,०००.
- स्पेशल फॅमिली पेन्शन: मृत्यू लष्करी सेवेमुळे झाला असं मानलं गेलं तर ६० टक्के, म्हणजे ३६,०००.
- लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन: युद्ध, सीमेवरची चकमक, दहशतवाद्यांशी लढाई अशा प्रसंगी पूर्ण पगाराइतकी, म्हणजे ६०,०००.

तिन्हींवर महागाई भत्ता वेगळा. यासोबत केंद्राची एकरकमी सानुग्रह मदत असते. कर्तव्यावरचा अपघात किंवा दहशतवादी हिंसाचार असेल तर २५ लाख, सीमेवरच्या चकमकीत ३५ लाख आणि युद्धात शत्रूच्या कारवाईत ४५ लाख रुपये. ग्रुप इन्शुरन्सची रक्कम वेगळी.

आता तो नियम, ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. रिटायर झाल्यानंतर मृत्यू झाला तर वाढीव फॅमिली पेन्शन फक्त ७ वर्षं, किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर मिळते. आपला हवालदार समजा ४८ व्या वर्षी गेला. पत्नीला ७ वर्षं ३०,००० मिळतील, आठव्या वर्षापासून १८,०००. कदाचित नेमकी तेव्हाच मुलं कॉलेजात असतील. नोकरीतला ग्रुप इन्शुरन्स मोठा असतो, पण रिटायर झाल्यावर तो तसाच चालू राहत नाही. म्हणून चाळिशीत बाहेर पडताना एक साधा टर्म इन्शुरन्स घेणं हा खर्च वाटला तरी टाळू नये. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं रिटायर झाल्यानंतरचं एक्स्टेंडेड कव्हर किती रकमेचं आणि किती वर्षांचं मिळतंय, तेही लिहून ठेवा.

आणखी एक. पगाराचं खातं 'डिफेन्स सॅलरी पॅकेज'मध्ये असेल तर त्यावर बँकेकडून अपघात विमा असतो. रक्कम बँकेनुसार बदलते. पण घरच्यांना तो आहे हेच माहीत नसेल तर क्लेम करणार कोण? रिटायर झाल्यावर खातं त्याच पॅकेजच्या पेन्शन प्रकारात बदललं आहे ना, हेही बघा.

सगळं अडतं कुठे? बहुतेक वेळा नावात

आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. वसईतल्या ख्रिस्ती कुटुंबांत चर्चच्या दाखल्यावरचं नाव आणि घरातलं नाव वेगळं असू शकतं. मग आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि फौजेच्या रेकॉर्डमध्ये तिसरंच नाव राहतं. जवान हयात असेपर्यंत याने काही बिघडत नाही. तो गेल्यावर मात्र 'रेकॉर्डमधली बाई ती मीच' हे सिद्ध करायची वेळ पत्नीवर येते.

आर्मीत लग्न, मुलांचा जन्म, नावातला बदल या गोष्टी 'पार्ट टू ऑर्डर'ने रेकॉर्डवर चढतात. नोकरीत असताना हे युनिटच्या क्लार्ककडून होतं. रिटायर झाल्यावर तेच काम रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करून करावं लागतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. नेव्हीच्या सेलर्सचं काम मुंबईत मानखुर्दहून चालतं, ते वसईकरांना त्यातल्या त्यात जवळ.

वसईचा एक खास मुद्दा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याआधी भरती झालेल्यांच्या कागदांवर 'जिल्हा ठाणे' असणार आणि नव्या दाखल्यांवर 'जिल्हा पालघर'. पत्ता अद्ययावत करून घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयासाठी या भागातल्या माजी सैनिकांना ठाण्याशी संपर्क ठेवावा लागत आला आहे. जाण्याआधी फोन करून कुठलं काम कुठे होईल ते विचारून घ्या, म्हणजे फेरी वाया जाणार नाही.

स्पर्श म्हणजे काय?

आता संरक्षण पेन्शन 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीतून थेट बँक खात्यात येते. तिचा कारभार प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयाकडे आहे. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, नाहीतर पेन्शन थांबते. तो 'जीवन प्रमाण' ॲपवरून चेहरा स्कॅन करूनही देता येतो. लॉगिन, पासवर्ड आणि नोंदवलेला मोबाइल नंबर पत्नीला माहीत असू द्या. पण दाखल्याच्या नावाखाली फोनवर कोणी ओटीपी मागितला तर देऊ नका.

दवाखान्याचं काय?

१ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस योजना आहे. एकदाच वर्गणी भरायची: हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, जेसीओंना ६७,००० आणि अधिकाऱ्यांना १ लाख २० हजार. पेन्शनर आणि पती-पत्नी आयुष्यभर, मुलं आणि अवलंबून आईवडील अटींनुसार यात येतात. आधी पॉलिक्लिनिक, मग तिथून रेफर केलेलं हॉस्पिटल, असा क्रम असतो. इमर्जन्सीत थेट पॅनेलवरच्या हॉस्पिटलमध्ये जाता येतं. घरापासून जवळचं पॅनेलवरचं हॉस्पिटल कोणतं, हे गरज पडायच्या आधीच शोधून ठेवा.

दुसरी नोकरी आणि राज्याच्या सवलती

पेन्शन घेत असताना दुसरी नोकरी करता येते. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्रात गट क मध्ये १० टक्के. सरकारी बँका आणि केंद्रीय सार्वजनिक कंपन्यांतही राखीव जागा असतात. पुण्याचं माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, सुरक्षा रक्षक आणि इतर कामं देतं.

माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींना २०२० पासून राज्यात एका घरासाठी मालमत्ता कर माफ आहे. ही माफी आपोआप लागत नाही. वसई-विरार महापालिकेच्या प्रभाग समिती कार्यालयात अर्ज करावा लागतो.

मुलांच्या व्यावसायिक शिक्षणासाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत मुलांना महिना २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये मिळतात. हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्यांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची वेगळी मदत आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ती दुप्पट झाली: दोन मुलांपर्यंत शिक्षणासाठी प्रत्येकी महिना २,००० आणि मुलीच्या लग्नासाठी १ लाख रुपये.

अग्निवीरांना यातलं काय लागू होतं?

बहुतेक गोष्टी लागू होत नाहीत. १४ जून २०२२ ला जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत नोकरी ४ वर्षांची आहे. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. पहिल्या वर्षी ३०,००० आणि चौथ्या वर्षी ४०,००० पगार, त्यातला ३० टक्के 'सेवा निधी'त जातो. सरकार तेवढीच रक्कम टाकतं. दोघांचे मिळून १० लाख ४ हजार होतात. व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार मिळतील असं योजना जाहीर करताना सांगितलं गेलं होतं, आणि ही रक्कम करमुक्त आहे. नोकरीत असताना ४८ लाखांचा विमा असतो. सेवेमुळे मृत्यू झाला तर आणखी ४४ लाख सानुग्रह, पण फॅमिली पेन्शन नाही.

चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के तरुणांना नियमित सेवेत घेतलं जातं, ते पुढे किमान १५ वर्षं राहतात. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होतात. त्यामुळे ज्या घरात अग्निवीर आहे, तिथे सेवा निधी हे पेन्शन नाही, तर पुढचं शिक्षण किंवा धंदा उभा करायचं भांडवल आहे, हे आधीच ठरवलेलं बरं.

रिटायरमेंटच्या आधीच्या वर्षात करायची कामं

१. पत्नी, मुलं आणि आईवडिलांची नावं, जन्मतारखा आधारशी जुळवून रेकॉर्डमध्ये दुरुस्त करा.
२. पेन्शन खातं पत्नीसोबत जॉइंट करा. विमा, फंड, बँक, सगळीकडे नॉमिनी तपासा.
३. कम्युटेशन किती करायचं, ते पैसे कुठे जाणार हे लिहून मग ठरवा.
४. काही दुखापत किंवा आजार सेवेमुळे झाला असेल तर रिलीज मेडिकल बोर्डासमोर त्याची नोंद करून घ्या. अपंगत्व २० टक्के किंवा जास्त आणि सेवेशी संबंधित ठरलं तर वेगळी रक्कम मिळते. नाकारलं तर आधी अपील, मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे.
५. ईसीएचएस कार्ड, माजी सैनिक ओळखपत्र आणि कँटीन कार्डाचे अर्ज वेळेत भरा.
६. पेन्शन आदेश, डिस्चार्ज बुक, विम्याचे कागद, स्पर्शचं लॉगिन आणि रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता एका फाइलमध्ये ठेवा, आणि ती फाइल पत्नीसोबत बसून एकदा पानापानाने वाचा.

आठव्या वेतन आयोगाच्या शिफारशी लागू झाल्या की वरचे काही आकडे बदलतील. पण नावाची दुरुस्ती, नॉमिनी आणि फाइल ही कामं त्यासाठी थांबवायची गरज नाही. ती सुट्टीवर घरी आल्यावर सुरू करता येतात.